मोडवाल्याची पलटण

पे दोसिक लष्करातल्या गोष्टी सांगायला लागला की त्याला आवरणं कठीण. कोरियातल्या वॉन्जू शहरात त्याचं टायरचं दुकान होतं. पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईक पंक्चर निघाल्यावरही बसून राही, कारण गोष्ट संपलेली नसे. इंजेच्या डोंगरातली थंडी, खडूस पण मनाचा मोठा सार्जंट गू, बर्फात रुतलेला ट्रक दोरी लावून ओढून काढला तो पराक्रम, आणि गुडघाभर बर्फात खेळलेला फुटबॉल. त्या सामन्यात दोसिकनं एक गोल मारला होता आणि तो गोल दरवर्षी थोडा थोडा लांबून मारला जाई. "यंदा कुठून मारलात? सोलहून का?" बायको मिऑक आतून ओरडे आणि गिऱ्हाईक हसे.

गोष्टी सगळ्या खऱ्या होत्या. फक्त त्या दोसिकच्या नव्हत्या. त्यानं आयुष्यात एक दिवसही वर्दी घातली नव्हती.

विसाव्या वर्षी इतर पोरांसारखा तोही सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तपासणीच्या रांगेत उभा राहिला होता. छाती, डोळे, दात सगळं पाहून डॉक्टर म्हणाला, बैलासारखा धडधाकट आहेस. शेवटच्या टेबलावरच्या साहेबानं मात्र मान वर केली आणि बराच वेळ नुसतं तोंडाकडं पाहिलं. तपकिरी डोळे, नागमोडी केस आणि ते नाक. "बाप कोण तुझा?" साहेबानं विचारलं. दोसिक टेबलावरच्या कागदाकडं बघत राहिला. साहेब वाईट नव्हता, आवाज खाली आणून म्हणाला, "पोरगा चांगला आहेस, पण दिसतोस वेगळा. पलटणीत पोरं जगू देणार नाहीत तुला. कायदाच आहे तसा. जा घरी." मागची पोरं हेव्यानं बघत होती. सुटका व्हावी म्हणून त्यांतले कितीतरी देव पाण्यात घालून बसले होते. "नशीब काढलंस लेका!" एकानं पाठीवर थाप मारली. दोसिक बस स्टँडवर जाऊन ढसाढसा रडला.

त्याची आई तोंगदुछनला अमेरिकन छावणीबाहेर कपडे धुवायची. बाप कुणीतरी रॉय. पोटात पोर असतानाच त्याची बदली झाली, ती झालीच. आईनं पोराला आपल्या भावाच्या नावावर लावलं, म्हणून त्याचं आडनाव पे. गल्लीतली पोरं त्याला भेसळ म्हणत. नावानं कमी आणि भेसळ म्हणूनच जास्त हाक येई.

मोठेपणी त्यानं गाव सोडलं, आणि नव्या गावात पहिल्याच बैठकीला कुणीतरी नेहमीचा प्रश्न टाकला, "लष्करात कुठं होतात?" तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "इंजेला." समोरच्याच्या चेहऱ्यावरची शंका पुसली गेलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली. लष्कर भेसळ घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे जो लष्करात जाऊन आला तो चोख. नाकाबद्दल कुणी विचारलं तर "आमच्या पे घराण्यात नाकं मोठीच" म्हणायचं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर सार्जंट गूला बाहेर काढायचं. मिऑकनं लग्न केलं ते या चोख माणसाशी. एक खोटं झाकायला शंभर गोष्टी लागल्या आणि त्यानं त्या मन लावून सांगितल्या.

मग मागच्या महिन्यात जेवताना हानसोल म्हणाला, "बाबा, मला तुमचीच पलटण मिळाली."

हानसोल एकुलता एक. कॉलेजचं एक वर्ष करून आता भरतीला निघालेला. बाप जिथं होता तिथंच मला पाठवा, असा अर्ज मुलाला करता येतो. कार्यालयवाले बापाची नोंद बघतात आणि मग पाठवतात. मिऑकनं तिथल्या तिथं बहिणीला फोन लावला. दोसिकनं भाताची वाटी खाली ठेवली. नोंद बघतात! मग त्यांनी काय बघितलं? एकतर कुणी काही बघितलंच नव्हतं, सरकारी काम ते. नाहीतर पोराला सगळं कळलं होतं आणि तो समोर बसून शांतपणे मुळा चावत होता. दोसिकनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तोंडावर काही नव्हतं.

तेव्हापासून त्याची झोप गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, याच्या मनात तर दिवसाढवळ्या ऊन पडलं होतं. हानसोल "बाबा, बूट कसे बांधायचे?" म्हणाला की हा दचके. न विचारता खोलीत गेला तरी दचके. टायरला हवा भरताना भरतच राहिला आणि टायर फुटला. एकदा वाटलं, विचारून टाकावं. पण विचारायचं काय? "मी खोटारडा आहे हे तुला ठाऊक आहे का?" असं कुठला बाप विचारतो?

भरतीच्या दिवशी सकाळी तिघं गाडीनं निघाले. फेब्रुवारी होता, नदी काठाकाठानं गोठलेली. हानसोल नुकतंच डोकं भादरून आलेला, सारखा टाळूवरून हात फिरवत होता. मिऑक मागच्या सीटवर संत्री सोलून दोघांना पुढं देत होती आणि तिची टकळी चालू होती.

"अहो हानसोलचे बाबा, तो ट्रक रुतला होता तो घाट हाच का?"

"पुढं आहे."

"दाखवा हं. मी फोटो काढणार."

घाट त्याला खरंच ठाऊक होता. या रस्त्याचं वळण न् वळण त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. तपासणीतून परत पाठवल्यावर त्यानं मुद्दाम इंजेलाच नोकरी धरली होती, सोयाबीनचे मोड विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं. बरोबरीची पोरं आत कवायत करत होती तेवढी सगळी वर्षं तो रोज पहाटे टेम्पो घेऊन पलटणीच्या गेटवर जायचा आणि मोडांच्या ओल्या टोपल्या उतरवायचा. का, ते त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. गेटवरची पोरं थंडीनं काकडत गप्पा मारत. तो टोपल्या मोजायच्या निमित्तानं ऐकत उभा राही. सार्जंट गू खरा होता, ट्रक खरा होता. गोल मारणारा मात्र कुणीतरी बुसानचा पोरगा होता.

"बाबा," हानसोल म्हणाला, "जेवायला त्या मावशीकडं जाऊ ना. सुक्या माशाचं कालवण. सार्जंट गू तुम्हाला न्यायचे ती."

"ते केव्हाच बंद पडलं असेल."

"चालू आहे. मी फोनवर पाहिलं."

"गर्दी असेल रे. नाक्यावर मांस भाजून देतात तिथं—"

"अहो, पोराची शेवटची इच्छा असल्यासारखं काय करताय!" मिऑक म्हणाली. "तिथंच जायचं. पंचवीस वर्षं ऐकतेय मी त्या कालवणाबद्दल."

मावशीचं दुकान गच्च भरलेलं होतं. प्रत्येक टेबलावर एक भादरलेलं डोकं, एक रडवेली आई आणि जोरजोरात बोलणारा बाप. कोपऱ्यातल्या टेबलावर काळ्यासावळ्या रंगाचा, रुंद नाकाचा एक पोरगा बसला होता. त्याचा बाप चांगलाच काळा, आफ्रिकेतला असावा, आई दक्षिणेकडची, पोराला अस्सल तिकडच्या हेलात झापत होती, "किती वेळा सांगितलं, जाड मोजे घे, जाड मोजे घे! बघ आता!" पोरगाही त्याच हेलात उलट बोलत होता. त्याचंही डोकं भादरलेलं. दुकानात कुणीही त्यांच्याकडं वळून पाहत नव्हतं. एकटा दोसिकच पाहत होता आणि आपण पाहतोय याची त्यालाच लाज वाटत होती. कायदा बदलला होता, ते त्यानं वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. असला पोरगा सरळ गेटमधून आत जाणार आणि त्याला कुणी परत पाठवणार नाही, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

म्हातारी मालकीण स्वतः ताट घेऊन आली. कमरेत वाकलेली, पण डोळे तिखट. किमची ठेवली, मुळा ठेवला, तिळाचं तेल लावलेले मोड ठेवले. मिऑकनं मोडांची वाटी तिच्या हातात परत दिली.

"मावशी, हे नकोत. यांना मोड दिसले तरी चालत नाहीत. इथल्याच पलटणीत होते ना, तिथं इतके खाल्ले म्हणे की आता वासही नको."

"इथं होता होय?" म्हातारीनं दोसिककडं पाहिलं आणि पाहतच राहिली. "थांब थांब. हा चेहरा माझ्या ओळखीचा आहे." मग तिनं मांडीवर हात मारला. "नाकाड्या! अरे, तू मोडवाला नाकाड्या ना?"

दोसिकनं मान खाली घालून पाण्याचा पेला उचलला.

"पहाटे टेम्पो लावून मागच्या दारानं यायचास. चुलीपाशी बोटं शेकायचास. आणि जवान जेवायला आले की उठून बाहेर जाऊन उभा! मी म्हणायची, बस रे मेल्या, कोण खातंय तुला?"

मिऑकच्या हातातल्या जेवायच्या काड्या हवेतच थांबल्या. "मोडवाला?"

"आजी, तुमची गफलत होतेय," हानसोल हसत म्हणाला. "माझे बाबा जवान होते. सार्जंट गू आणायचे त्यांना इथं. एकदा घाटात ट्रक रुतला, बाबांनी दोरी लावून काढला, सगळे भिजून चिंब. तेव्हा तुम्ही..." इथं तो क्षणभर थांबला. बरोबर जिथं दोसिक थांबायचा तिथंच. "...तुम्ही पैसे घेतले नाहीत. विसरलात?"

म्हातारीनं कपाळाला आठ्या घातल्या. "दिलं होतं बाई फुकट. गूच्या पोरांना दिलं होतं खरं. त्यातला हा असेल." ती हसली. "म्हातारपणी सगळी नाकं सारखीच दिसायला लागतात." आणि ती पुढच्या टेबलाकडं गेली.

मिऑकही हसली. "मोडवाला म्हणे! अहो, घाम केवढा आलाय तुम्हाला. तिखट लागलं का?"

दोसिकनं मान हलवली. कालवण त्यानं अजून तोंडालाही लावलं नव्हतं. पोराला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असल्याशिवाय इतकं सफाईदार खोटं कुणाला बोलता येतं?

जेवण झाल्यावर मिऑक रस्त्यापलीकडच्या टपऱ्यांवर बुटातले गादीचे तळवे आणि स्वस्तातलं घड्याळ घ्यायला गेली. बापलेक गाडीपाशी उरले.

"केव्हापासून माहीत आहे तुला?" दोसिकनं विचारलं.

हानसोलनं टाळूवरून हात फिरवला. "कुठलं? लष्कराचं की अमेरिकेचं?"

दोसिकनं रस्त्यापलीकडं, टपरीवरच्या मिऑककडं पाहिलं.

"अमेरिकेचं आपल्या आजीनं सांगितलं. मी शाळेत होतो तेव्हा. म्हणाली, तुझ्या बापाला विचारू नकोस, तो उन्मळून पडेल. लष्कराचं हल्ली कळलं. अर्ज केला तर ऑफिसातल्या बाईंचा फोन आला, तुमच्या वडिलांची सेवा झालेली नाही म्हणून. मग मी काय ते समजलो."

"कुणाला बोललास?"

"लष्कराचं कुणालाच नाही."

"आणि दुसरं?"

"ते कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे," हानसोल सहज म्हणाला. "मी पाव अमेरिकन आहे म्हणून. त्यात काय बाबा? उलट मुली म्हणतात, तरीच तुझ्या पापण्या अशा."

"पाव!" दोसिकचा आवाज चिरकला. "किराणा आहे का रे? पाव किलो, अर्धा किलो? त्याच रक्तापायी मला दगड मारले लोकांनी. हे बघ, हे कपाळावरचं बघ! तुझी आजी मला शालीखाली झाकून बाजारात न्यायची, आणि तू पोरींना पापण्या दाखवत फिरतोस?"

"मग काय करू? कापून टाकू पापण्या?"

दोसिकचा हात वर गेला. समोर ते भादरलेलं, थंडीनं लाल झालेलं डोकं. हात तसाच खाली आला. त्याला राग आला होता तो पोराचा नव्हता, निदान सगळा नव्हता. त्याला पोराचा हेवा वाटत होता. आपण जन्मभर जे दारामागं कोंडून ठेवलं, ते हा शर्टाला लावून मिरवत होता आणि कुणी त्याला काही म्हणत नव्हतं. स्वतःच्या मुलाचा हेवा वाटावा याचीही त्याला शरम वाटली.

"अर्ज तर फेटाळला," तो म्हणाला. "मग इथं कसा आलास?"

"मागून घेतलं. इंजेला या थंडीत स्वतःहून कोण येतंय? लगेच दिलं त्यांनी."

"पण का?"

हानसोल बुटाच्या टोकानं बर्फ उकरत होता. "आईला सांगून बसलो होतो ना, बाबांची पलटण मागतोय म्हणून. दुसरीकडं लागलं असतं तर ती म्हणाली असती, का नाही मिळाली? ऑफिसात फोन केला असता तिनं. तुम्हाला माहितीये ना ती कशी आहे."

आपलं खोटं टिकावं म्हणून हे पोर दीड वर्ष या डोंगरात गारठायला निघालं होतं. तेवढ्यात मिऑक पिशवी हलवत आली. "भांडलात का रे? तोंडं का अशी?" हानसोल म्हणाला, "छे! बाबा सलाम शिकवत होते."

मैदानावर आईबाप पायऱ्यांवर बसले आणि पोरं खाली रांगा धरून उभी राहिली. शेजारी तोच आफ्रिकेतला माणूस येऊन बसला. त्यानं खिशातून हात शेकायची गरम पुडी काढून दोसिकच्या हातात कोंबली. "धरा दादा, बोटं काळी पडलीत तुमची." त्याची कोरियन चांगली होती, फक्त हेल बायकोचा. "तो बघा माझा. दुसऱ्या रांगेत. आमच्या घरातला पहिला जवान." त्याच्या पोराच्या शेजारीच हानसोल उभा होता. दोन्ही डोकी सारखीच थंडीनं आखडलेली.

भाषणं झाली. मग कर्ण्यावरून आवाज आला, "ज्या वडिलांनी याच पलटणीत सेवा केली आहे, त्यांनी कृपया उभं राहावं! टाळ्या!"

इथं तिथं पोटं सुटलेले बाप उठले. कुणी सलाम ठोकला, कुणी आपल्या तुकडीचं नाव ओरडला. मिऑकनं फोन वर धरला आणि कोपरानं ढोसलं. "उठा ना! हानसोल बघतोय!"

हानसोल खरंच बघत होता. त्यानं कुणाच्या लक्षात येणार नाही अशी मान हलवली. उठा, बाबा. दोसिकचे गुडघे सवयीनं सरळ व्हायला लागले होते. पंचवीस वर्षांत या प्रश्नाला ते कधी बसून राहिले नव्हते.

तो परत खाली बसला.

"काय झालं? गुडघे धरले का?" मिऑक म्हणाली.

"मी नव्हतो."

"काय?" टाळ्यांत तिला ऐकू येत नव्हतं.

"लष्करात! नव्हतोच मी!" त्याला ओरडावंच लागलं. "मला घेतलं नाही! माझा बाप अमेरिकन होता म्हणून! मी या गेटवर मोड आणून टाकायचो!"

पुढच्या ओळीतल्या दोन बायका वळल्या. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या नाकाकडंही पाहिलं असेल, आणि पुन्हा आपापल्या पोराला शोधायला मान फिरवली. बस्स. एवढंच झालं. एवढ्यासाठी आपण... असं काहीतरी त्याच्या मनात आलं, पण ते पुरं करायचा धीर त्याला झाला नाही. शेजारचा माणूस दोन्ही हात उंच करून पोराला खुणा करत होता. त्या ओळीत बसून राहिलेले बाप बरेच होते, त्यातले हे दोघं.

खाली रांगा हलल्या. हानसोल मान वळवून बसलेल्या बापाकडं पाहत पाहत चालला होता, त्यामुळं त्याचं पाऊल चुकलं आणि मागच्या पोरानं त्याला ढकललं. मग रांग इमारतीमागं गेली.

मिऑकनं फोन खाली घेतला.

"आणि ती बोटं?" तिनं विचारलं. दोसिकच्या डाव्या हाताची दोन बोटं शेंड्याला कायमची बधिर होती. पहाऱ्यावर असताना बर्फानं मेली, असं त्यानं सांगितलं होतं. दर हिवाळ्यात ती त्यांना कोमट तेल चोळायची.

"ती खरी आहेत. टोपल्यांतलं पाणी गोठायचं."

"आणि मोड? पंचवीस वर्षं मी घरात मोड आणले नाहीत. मला किती आवडतात ते!" तिचे डोळे भरून आले होते आणि आवाजात संताप होता. "माहेरी गेले की चोरून खायची मी. चोरून! तुमच्या जिवाला त्रास नको म्हणून!"

"आता आण."

"आणणारच आहे. रोज आणीन. गप्प बसून खायचे."

"बरं."

तिनं त्याचा डावा हात ओढून घेतला आणि ती दोन बोटं मुठीत धरली. शेंड्यांना काहीच कळत नव्हतं. ती किती जोरात दाबतेय हे त्याला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.